तिचे, त्याचे आणि दोघांचे

बँकेच्या कर्जविभागात माझी बरीच वर्षे गेली. कापडदुकानदार असो की तेलगिरणीवाला, प्रस्ताव आला की आधी ताळेबंद मागायचा, ही शिस्त. धंद्याचे तीन वर्षांचे ताळेबंद फाईलला लावून आणणारा माणूस घरच्या मालमत्तेबद्दल विचारले की मात्र अंदाजाने बोलू लागे. सहकर्जदार म्हणून सही करायला शेजारी बसलेली त्याची बायको ते आकडे बहुधा पहिल्यांदाच ऐकत असे. मला ते कधी बरे वाटले नाही. माझा नवरा शिक्षक. आम्ही दोघे दर मार्चअखेर घरचा ताळेबंद मांडतो आणि नात्यातल्या, ओळखीतल्या जोडप्यांसोबतही मी तो मांडायला बसते. त्यातून जे उमगले ते इथे लिहीत आहे.

१. तारीख एकच धरावी

जमाखर्च वर्षभराचा असतो, ताळेबंद एका दिवसाचा. त्या दिवशी आपल्याकडे काय आहे आणि आपण कुणाचे किती देणे लागतो, एवढेच तो सांगतो. म्हणून सगळे आकडे त्याच दिवसाचे हवेत. बचत खात्याची शिल्लक मार्चची, शेअरचे भाव जूनचे आणि कर्जाची बाकी गेल्या दिवाळीची, असे करून चालत नाही. काही घरांत दिवाळीच्या पाडव्याला बसतात. दिवस चांगलाच आहे, पण मी ३१ मार्चचा आग्रह धरते. पीपीएफचे व्याज वर्षातून एकदा त्याच दिवशी जमा होते, बँका व्याजाचे दाखले त्याच तारखेपर्यंतचे देतात आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी ते कागद नाहीतरी गोळा करावेच लागतात. शेअर आणि म्युच्युअल फंड एकत्र दाखवणारे विवरण एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून ई-मेलवर येते. नवऱ्याचे आणि बायकोचे वेगवेगळे छापून घ्यावे.

२. ज्याला कमी माहीत आहे त्याने लिहावे

बहुतेक घरांत पैशाचे व्यवहार एकजण बघतो. ताळेबंद मांडताना लेखणी दुसऱ्याच्या हाती द्यावी. आमच्याकडे व्यवहार मी बघते, म्हणून लिहितो नवरा. लिहिणारा माणूस प्रश्न विचारतो. ही ठेव कुठल्या शाखेत आहे, पावती कुठे ठेवली आहे, हा फंड कशासाठी घेतला होता, ह्या खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे. नुसते ऐकणारा मान हलवतो आणि उठतो. आमच्या नात्यातल्या एका घरात बाईंनी लिहायला घेतले, तेव्हा लग्नाआधीच्या नोकरीतले त्यांचे पीएफ खाते आठवले. ते कुणाच्याच हिशेबात नव्हते. बँकेत दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. २०२३च्या ऑगस्टपासून अशा ठेवी ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोधता येतात. पहिल्या वर्षी दोघांची आणि दोघांच्या आईवडिलांची नावे तिथे एकदा घालून पाहावीत.

३. रकाने तीन करावेत

माझे सगळ्यात आग्रहाचे म्हणणे हेच आहे. जोडप्याचा ताळेबंद म्हटले की लोक एकच बेरीज करतात: आपले घर, आपल्या ठेवी, आपले सोने. बेरीज जरूर करावी, पण तीन रकान्यांनंतर. एक तिचा, एक त्याचा, एक दोघांचा.

कारण कायदा ‘आपले’ ओळखत नाही. महाराष्ट्रात लग्न झाले म्हणून नवऱ्याची मालमत्ता बायकोची होत नाही, बायकोची नवऱ्याची होत नाही. शेजारच्या गोव्यात तसे नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा ठरतो. स्थावर विकायचे तर दोघांच्या सह्या लागतात. प्राप्तिकरातही अशा जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरतात. गोव्यात संसार करणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या ताळेबंदात म्हणूनच बहुतेक सगळे तिसऱ्या रकान्यात येते. इकडे आपल्याला ते कागदावर घडवून आणावे लागते.

तीन रकाने आखून लिहायला लागले की पहिल्या अर्ध्या तासात चित्र समोर येते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या रकान्यात अनेकदा दागिने आणि एक छोटे बचत खाते, एवढेच असते. त्याच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी, ठेवी, फ्लॅट. त्याचा फंड वीस वर्षे न मोडता वाढला, कारण ती आहे त्यात घर चालवत होती, आजारपणे काढत होती, मुलांचे अभ्यास घेत होती. ताळेबंदाला हे दिसत नाही. दोघांना मात्र दिसायला हवे, आणि रिकामा रकाना डोळ्यासमोर असला की ते टाळता येत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच नवऱ्यांना त्या क्षणी खरेच वाईट वाटते. मग मी सुचवते, मागचे राहू दे, यापुढची नवी बचत निम्मी तिच्या नावावर जाऊ दे.

इथे हमखास एक शंका निघते. नवऱ्याने बायकोच्या नावावर ठेव ठेवली तर तिचे व्याज करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, मग उपयोग काय? पण कर कुणी भरायचा हा एक प्रश्न आणि पैसा कुणाचा हा वेगळा प्रश्न. व्याजावरचा कर नवऱ्याने भरावा. ठेव तिची, व्याजही तिचे. तिच्या नावाच्या पीपीएफमध्ये भरले तर व्याज करमुक्तच आहे.

संयुक्त खात्याबद्दलही गैरसमज फार. ‘दोघांपैकी कुणीही एक किंवा हयात असलेला’ अशी सूचना खाते कुणी चालवायचे एवढेच सांगते. आतले पैसे कुणाचे, हे त्यातून ठरत नाही. तिसऱ्या रकान्यात आकडा घालताना तो कुणाच्या कमाईतून आला हे शेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवावे.

४. घराची किंमत आणि घराचे कर्ज

घराची किंमत लिहिताना माणसे उदार होतात. पलीकडच्या इमारतीत कुणी किती मागितले, त्यावरून आकडा सांगतात. मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष नोंदणी झालेला भाव ह्यांत अंतर असते. आपल्याच इमारतीत गेल्या वर्षभरात खरेदीखत झाले असेल तर तो आकडा घ्यावा. नसेल तर शासनाच्या रेडीरेकनरचा दर लावावा आणि दर वर्षी तीच पद्धत ठेवावी. एका वर्षी बाजारभाव, दुसऱ्या वर्षी रेडीरेकनर असे केले तर वाढ खरी की कागदावरची, ते कळणार नाही.

कर्जाच्या बाजूला बँकेकडून शिल्लक कर्जाचा दाखला घ्यावा, मनाने आकडा घालू नये. ३० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत असे धरले तर हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो. पाच वर्षांत साडेपंधरा लाखांहून जास्त रक्कम भरून होते, आणि मुद्दल उतरते जेमतेम साडेतीन लाखांनी. शिल्लक राहतात २६ लाख ४४ हजारांच्या आसपास. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, हे सगळ्यांना ऐकून माहीत असते. पण दाखल्यावरचा आकडा स्वतःच्या हाताने देण्याच्या बाजूला लिहिताना जोडपी गप्प होतात. जादा पैसे हाती आले तर गाडी की कर्जफेड, ही चर्चा त्यानंतर वेगळ्या सुरात होते.

कर्जविभागात असताना मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट आता सांगते. उत्पन्न पुरेसे दिसावे म्हणून नोकरदार बायकोला सहकर्जदार करतात, पण खरेदीखतात नाव एकट्या नवऱ्याचे असते. घराचे मालक जितके असतील तितक्यांना कर्जात घेण्याचा आग्रह बँक धरते. कर्जात आहे म्हणून मालकीत घ्या, असे मात्र ती सांगत नाही. सहकर्जदाराकडून बँक संपूर्ण कर्ज वसूल करू शकते, निम्मे नव्हे. म्हणजे अशा बाईच्या रकान्यात देणे पूर्ण आणि मालमत्ता शून्य. ती दर महिन्याला हप्त्यात पैसे घालत असते तरीही. तीन रकाने मांडल्याशिवाय हे लक्षात येत नाही, कारण एकाच बेरजेत घरही दिसते आणि कर्जही दिसते.

ह्यावर उपाय आहे. महाराष्ट्रात राहते घर किंवा त्यातला हिस्सा नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा, आणि कर्ज चालू असेल तर बँकेची संमती आधी घ्यावी लागते. नवे घर घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. दोघांच्या नावावर घेताना कुणाचा हिस्सा किती, ते खरेदीखतातच लिहावे. लिहिले नाही आणि कुणी किती पैसे घातले ह्याचा पुरावाही नसला, तर कायदा हिस्से समान धरतो.

शेवटी बेरीज दोन प्रकारे करावी, राहते घर धरून आणि वगळून. राहते घर विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही, त्यामुळे निवृत्तीचा विचार करताना दुसरी बेरीजच कामाची.

५. सोने तिच्या रकान्यात

दागिने लग्नात माहेरून आलेले असोत की सासरहून घातलेले, स्त्रीधन हे तिचे एकटीचे. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ साली स्पष्ट केले. २०२४च्या एप्रिलमध्ये पुन्हा सांगितले की अडचणीत नवऱ्याने ते वापरले तरी परत करण्याची जबाबदारी त्याची राहते. त्यामुळे घराच्या वेळी पाटल्या मोडल्या असतील, तोडे गहाण पडून गेले असतील, तर ती रक्कम मी त्याच्या रकान्यात देणे म्हणून आणि तिच्या रकान्यात येणे म्हणून लिहायला लावते. एकूण बेरजेत काही फरक पडत नाही. पण कित्येक बायकांच्या बाबतीत त्या पाटल्यांचा उल्लेख पहिल्यांदा कागदावर येतो, आणि तो यायला हवा.

वजन सराफाकडून करून घ्यावे आणि एकूण वजन व निव्वळ वजन दोन्ही लिहून मागावे. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते, खड्यांच्या दागिन्यात खड्यांचे वजन असते. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा सराफी तोळा १० ग्रॅमचा, म्हणून तोळ्यात नको, ग्रॅममध्ये लिहावे. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसेल तर ते २२ कॅरट धरू नये, कस तपासून घ्यावा. घडणावळ विकताना मिळत नाही, तेव्हा ती किमतीत धरायची नाही.

६. विमा आणि पेन्शन

पॉलिसीवर छापलेली विमा रक्कम ही मालमत्ता नाही. आज पॉलिसी बंद केली तर कंपनी जे देईल, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, तेवढेच लिहावे. मुदत विम्याची किंमत शून्य. पेन्शनही ताळेबंदात येत नाही, कारण ती विकता येत नाही, पण आपल्या पश्चात जोडीदाराला किती कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल तो आकडा खाली टीप म्हणून द्यावा.

७. जामीन राहिलात ते लिहा

पगारदारांच्या पतसंस्थेत एकमेकांना जामीन राहण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. शिक्षकाला मुलीच्या लग्नासाठी पन्नास कागद न दाखवता कर्ज मिळते ते सहकाऱ्यांच्या सह्यांवर. माझा नवराही जामीन आहे आणि त्याने राहू नये असे मला कधी वाटले नाही. पण करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने थकवले तर संस्था थेट जामीनदाराच्या पगाराला हात घालू शकते. हे देणे आज नाही, म्हणून देण्यांच्या बेरजेत धरायचे नाही. कुणाला, कोणत्या संस्थेत, किती रकमेला, आज बाकी किती, एवढे मात्र ताळेबंदाखाली लिहायचेच. धंद्याच्या ताळेबंदात अशा टिपा मी सर्वांत आधी वाचत असे. घरच्या ताळेबंदात त्या नसल्या तर बायकोला जामिनकीची बातमी पहिल्या नोटिशीतून कळते.

भिशीही अशीच विसरली जाते. आपला नंबर आधी लागून रक्कम उचलली असेल तर उरलेले हप्ते हे देणे आहे. आणि हातउसने दिलेले पैसे, ज्यांना तीन वर्षे उलटून गेली आणि लेखी कबुली नाही, ते येणे म्हणून धरू नयेत. त्यांच्या वसुलीचा दावासुद्धा मुदतबाह्य झालेला असतो.

८. गावाकडची जमीन

सातबारावर नाव चढले आहे, पण वाटप झालेले नाही आणि त्यात भाऊ, बहिणी, चुलते आहेत. अशा जमिनीला ताळेबंदात आकडा देऊ नये. गट नंबर, क्षेत्र, कोण कोण हिस्सेदार, एवढे लिहावे. बहिणींची नावे वगळून आपला हिस्सा काढणारे भेटतात. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तो धरूनच हिशेब करावा.

९. ठेवी कुठे आहेत

रकमेबरोबर संस्थेचे नाव लिहावे, म्हणजे एकाच ठिकाणी किती गोळा झाले ते दिसते. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे, तेही ४ फेब्रुवारी २०२०पासून. त्याआधी १९९३पासून ते फक्त एक लाख होते. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा मर्यादा तीच होती. जोडप्याला ह्यात थोडी सोय आहे. त्याची एकट्याची ठेव, तिची एकटीची, दोघांची त्याचे नाव आधी असलेली आणि दोघांची तिचे नाव आधी असलेली, ह्या चारही वेगवेगळ्या धरल्या जातात.

पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नाही. आपल्याकडे गावोगावी पतसंस्थांत मोठ्या रकमा असतात, व्याजही जास्त मिळते आणि चांगल्या चालणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. तरी ताळेबंदात ह्या ठेवी वेगळ्या मांडाव्यात, आणि एकूण ठेवींत त्यांचा वाटा किती हे दोघांनी मिळून बघावे.

१०. दोन वर्षांतला फरक फोडून पाहावा

दुसऱ्या वर्षापासून ताळेबंद खरा बोलू लागतो. समजा गेल्या मार्चला निव्वळ मालमत्ता ६२ लाख होती, यंदा ७१ लाख. वाढ ९ लाखांची. त्यात नवी बचत किती, कर्जाचे मुद्दल उतरले किती आणि सोने, शेअर, घर ह्यांचा नुसता भाव वाढला तो किती, हे तीन आकडे वेगळे काढावेत. बचत दीड लाख, मुद्दल पाऊण लाख आणि बाकी पावणेसात लाख भाववाढ असे निघाले तर त्या घराने वर्षभरात सव्वादोन लाख मिळवले आहेत, नऊ नव्हे. भाव पडतील त्या वर्षी ह्याच पद्धतीने धीरही येतो. बचत नेहमीइतकी झाली असेल तर बेरीज घटली म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

११. प्रत्येक ओळीपुढे: नंतर कुणाला

मालमत्तेच्या प्रत्येक ओळीपुढे आम्ही आणखी दोन नोंदी करतो. नामनिर्देशन कुणाचे, आणि मृत्युपत्र नसेल तर कायद्याने ती गोष्ट कुणाकडे जाईल. ह्या दोन नोंदी सहसा जुळत नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. शेअर आणि डीमॅटच्या बाबतीतही हेच लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये सांगितले.

‘माझ्यामागे सगळे हिचेच’ असे नवरे मनापासून म्हणतात. मृत्युपत्र नसेल तर तसे होत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई ह्यांचे हिस्से समान असतात. आई हयात असेल तर तिचा हिस्सा आहेच, आणि माझ्या मते तो असावाच. पण हे बायकोला आधी माहीत असावे, सासूबाईंनाही असावे.

बाईच्या बाबतीत कायदा आणखी वेगळा आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. अपत्य नाही, नवरा आधी गेलेला आणि मृत्युपत्र केलेले नाही, अशा बाईची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिला शिकवणाऱ्या तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेले तेवढे वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईने, तरुण वयातच, एका कागदावर मृत्युपत्र करावे असे मी म्हणते ते ह्यामुळे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात.

विमा घेणाऱ्या नवऱ्याने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा समजून घ्यावा. पॉलिसी घेतानाच त्या कायद्याखाली बायको-मुलांच्या लाभासाठी घेतली तर ती रक्कम विश्वस्त निधीसारखी त्यांचीच राहते, नवऱ्याच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. धंदा असणाऱ्या किंवा मोठ्या कर्जाला जामीन असणाऱ्या घरात ह्याचे मोल फार.

१ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येते. आमच्या ठेवींवर आतापर्यंत एकमेकांचीच नावे आहेत. आता फॉर्म आणले आहेत. मुलीचे, मुलाचे आणि सासूबाईंचे नाव घालायचे ठरले आहे, टक्के किती लिहायचे ह्यावर आम्हा दोघांचे बोलणे अजून चालू आहे.